हिरवा माणूस पंधरा सेकंदांचा, रस्ता बावीस मीटरचा: काय मोजायचं आणि काय मागायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. उपनगरातला चार रस्त्यांचा चौक. प्रत्येक दिशेला तीन लेन, मधे चार फुटांचा दुभाजक. विचारणाऱ्यांच्या आई ७२ वर्षांच्या. भाजी, दवाखाना आणि बसथांबा, तिन्ही पलीकडे. पादचाऱ्यांचा हिरवा दिवा १५ सेकंद टिकतो आणि आई दुभाजकापाशी पोचते तोवर तो लाल होतो. वेळ वाढवा असा अर्ज केला तर ‘वाहतूक कोंडी होईल’ असं उत्तर आलं. पालिका म्हणते पोलिसांकडे जा, पोलीस म्हणतात पालिकेकडे जा. मग दिवा किती सेकंदांचा असावा आणि कुणाकडे नेमकं काय मागावं?

आधी थेट उत्तर देतो. तुम्ही दिलेल्या मापांवरून त्या रस्त्याला ३२ सेकंद लागतात. पण ‘१५ चे ३२ करा’ एवढाच अर्ज दिलात तर तो पुन्हा नाकारला जाईल, आणि नाकारणाऱ्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नसेल. खरा प्रश्न सेकंद किती यापेक्षा ते कुठून काढायचे हा आहे. तुमच्यासारख्या बऱ्याच चौकांत गाड्यांचा वेळ जवळजवळ न घेता ते काढता येतात. ते नेमकं कसं, हे समजून घेतलंत तर समोरच्या अधिकाऱ्याशी त्याच्याच भाषेत बोलता येईल.

हिशेब असा. तीन लेन म्हणजे साधारण १०.५ मीटर. दोन्ही बाजूंचे मिळून २१ आणि दुभाजकाचे १.२, एकूण २२.२ मीटर. भारतात सिग्नलसाठी माणसाचा चालण्याचा वेग सर्रास सेकंदाला १.२ मीटर धरतात, रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शिकेतही तोच आहे. १५ सेकंदांत या वेगाने १८ मीटर होतात. म्हणजे दिवा हिरवा झाल्या क्षणी निघालेला धडधाकट माणूसही चार मीटर अलीकडेच राहतो. आईच्या चालण्याचा मुद्दा नंतर येतो, हा दिवा कुणालाच पुरत नाही. अर्जातलं तुमचं पहिलं वाक्य हेच असावं.

१.२ हा वेग मुळात जास्त आहे. अमेरिकेने २००९ मध्ये आपल्या सिग्नल नियमावलीत तो सेकंदाला ४ फुटांवरून ३.५ फुटांवर, म्हणजे साधारण १.०७ मीटरवर आणला, कारण लोकसंख्येत वयस्क माणसं वाढली. आपल्याकडे साडी, गुडघेदुखी, हातात पिशवी आणि खडबडीत डांबर यांचा विचार केला तर ज्येष्ठांसाठी मी ०.८ ते ०.९ धरतो. त्यात फुटपाथची उंची मिळवा. कर्ब, म्हणजे फुटपाथची कड, १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नसावा असा दंडक आहे, प्रत्यक्षात तो अनेकदा फूटभर असतो. तो उतरताना आधी एक पाय, मग हाताने खांब, मग दुसरा पाय. यात तीन-चार सेकंद जातात आणि ते कुठल्याच हिशेबात धरलेले नसतात.

पादचारी दिव्याचे दोन भाग असतात आणि अर्जात ते वेगळे लिहा. स्थिर हिरवा म्हणजे ‘आता निघा’. लुकलुकता हिरवा म्हणजे ‘निघाला असाल तर पोचा, नव्याने निघू नका’. पहिल्या भागाला ७ सेकंद द्यावेत, म्हणजे मागे उभ्या असलेल्यांनाही पाऊल टाकता येतं. दुसरा भाग रस्त्याच्या रुंदीवरून ठरतो: २२.२ भागिले ०.९, म्हणजे २५ सेकंद. बेरीज ३२. आई ०.८ च्या वेगाने चालत असेल तर तिला २८ सेकंद लागतील, आणि दिवा लागल्यावर चार सेकंदांत ती निघाली तर पोचेल. आकडा या पद्धतीने मांडला की तो मागणी राहत नाही, गणित होतो.

आता ‘कोंडी होईल’ या उत्तराकडे येऊ. पादचाऱ्यांना वेळ द्यायचा म्हणजे चारही बाजू लाल करून एक स्वतंत्र फेज, म्हणजे सिग्नलच्या फेऱ्यातली वेगळी पाळी, द्यायची, असं बहुतेकांच्या डोक्यात असतं. धरून चालू की तुमच्या चौकात प्रत्येक बाजू वेगळी सुटते: ३५ सेकंद हिरवा, ३ पिवळा, २ सगळीकडे लाल. म्हणजे बाजूला ४० आणि चारी बाजूंचा पूर्ण फेरा १६० सेकंदांचा. त्यात ३२ सेकंदांची पाचवी फेज घातली तर फेरा १९२ वर जातो आणि गाड्यांची क्षमता सहाव्या भागाने घटते. सकाळी साडेनऊला आधीच भरलेल्या चौकात सहावा भाग ही मोठी गोष्ट आहे, रांग मागच्या चौकापर्यंत जाते. अधिकारी घाबरतात ते याला, आणि ती भीती खरी आहे.

पण प्रत्येक बाजू वेगळी सुटते अशा चौकात, आणि महाराष्ट्रातल्या शहरांत असे चौक पुष्कळ आहेत, वेगळी फेज लागतच नाही. एक साधा नियम लक्षात ठेवा: जी बाजू सुटली आहे, तिच्या डाव्या हाताचा रस्ता त्या वेळी पूर्ण ओलांडता येतो. पूर्वेची बाजू सुटली आहे असं समजा. त्या गाड्या पश्चिमेकडे तोंड करून निघतात, त्यांच्या डाव्या हाताला दक्षिणेचा रस्ता. दक्षिणेकडून येणाऱ्या गाड्या लाल दिव्यावर उभ्या आहेत. उत्तरेकडून सरळ येणाऱ्या उभ्या आहेत. पश्चिमेकडून उजवीकडे वळून दक्षिणेला शिरणाऱ्याही उभ्याच आहेत. दक्षिणेच्या रस्त्यात शिरणारं उरतं कोण? फक्त पूर्वेकडून डावीकडे वळणारे. म्हणजे या ३५ सेकंदांत दक्षिणेचा झेब्रा हिरवा ठेवता येतो, आणि तुम्हाला हवे आहेत ३२. अशाच रीतीने दक्षिण सुटली की पश्चिमेचा झेब्रा, पश्चिम सुटली की उत्तरेचा, उत्तर सुटली की पूर्वेचा. फेरा १६० चाच राहतो.

मग तुमच्याकडे १५ सेकंद का दिले असतील? दिवे बसवताना पादचारी दिव्याला एक ठोकळ आकडा सगळीकडे सारखाच भरला जातो, रस्ता सात मीटरचा असो की बावीसचा. दुसरी शक्यता अशी की तुमचा झेब्रा चुकीच्या फेजला जोडलेला आहे, म्हणजे उजवीकडे वळणाऱ्या गाड्यांच्या वेळेला, आणि अपघात नको म्हणून त्याचा वेळ कापला आहे. हे उभं राहून पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. आणि तुमच्या चौकात समोरासमोरच्या बाजू एकत्र सुटत असतील तर वरचा नियम लागू होत नाही. तिथे डावीकडे वळणाऱ्यांबरोबर समोरून येऊन उजवीकडे वळणारेही अंगावर येतात, आणि उजवं वळण जास्त धोक्याचं असतं, कारण चालकाची नजर समोरून येणाऱ्या गाड्यांतल्या फटीवर असते, झेब्र्यावर नसते. तिथे उजव्या वळणाला वेगळा बाण द्यावा लागतो किंवा ते वळण पुढच्या चौकात न्यावं लागतं.

डावीकडे वळणाऱ्यांचा प्रश्न उरतो. झेब्र्यावर माणूस असेल तर थांबायचं, हा नियम त्यांना लागू आहे. तो पाळला जात नाही हे तुम्हाला माहीत आहे, मलाही आहे. त्यावर दोन उपाय आहेत. पहिला, पादचाऱ्यांना गाड्यांच्या आधी चार सेकंद हिरवा देणं. गाड्या सुटतात तेव्हा माणसं आधीच झेब्र्याच्या मध्याकडे निघालेली असतात, ती दिसतात, आणि दिसणाऱ्या माणसासमोर चालक थांबतो. न्यूयॉर्कमध्ये ही पद्धत हजारो चौकांत आहे. याची किंमत १६० पैकी ४ सेकंद, म्हणजे अडीच टक्के. सहावा भाग आणि अडीच टक्के यांतला हा फरक अधिकाऱ्यासमोर नक्की मांडा. दुसरा उपाय ‘फ्री लेफ्ट’ बंद करणं. डावीकडचा सतत चालू रस्ता गाड्यांना थोडा वेळ वाचवतो, पण त्यामुळे त्या कोपऱ्यावरच्या पादचाऱ्याला कुठल्याच क्षणी सुरक्षित वेळ उरत नाही. ज्या चौकात ज्येष्ठ, शाळकरी मुलं किंवा बसथांबा आहे, तिथे फ्री लेफ्ट नसावाच असं माझं स्पष्ट मत आहे.

आता फेऱ्याची लांबी, ज्याला या धंद्यात सायकल टाइम म्हणतात. लोक लाल दिव्यात का घुसतात याचं उत्तर बरंचसं इथे आहे. १६० सेकंदांच्या फेऱ्यात निघायला फक्त ७ सेकंद मिळत असतील तर पादचाऱ्याला सरासरी ७३ सेकंद उभं राहावं लागतं. १०० सेकंदांच्या फेऱ्यात तेच ४३ वर येतं. तीस-चाळीस सेकंदांनंतर माणसाचा धीर सुटतो आणि तो गाड्यांतली फट शोधू लागतो, हे कुठल्याही चौकात दहा मिनिटं उभं राहिलं तरी दिसतं. त्याला बेशिस्त म्हणून काम संपत नाही.

फेरा लांब ठेवण्यामागचा समज असा की लांब फेऱ्यात जास्त गाड्या निघतात. हे काही अंशी खरं आहे. प्रत्येक फेज बदलताना साधारण ५ सेकंद वाया जातात, चार फेजचे २०. १०० च्या फेऱ्यात २० टक्के वाया, १६० मध्ये साडेबारा टक्के, २४० मध्ये सव्वाआठ. म्हणजे १०० वरून १६० वर जाण्यात काहीतरी मिळतं, १६० वरून २४० वर जाण्यात जेमतेम चार टक्के, आणि तेही कागदावर. प्रत्यक्षात हिरवा फार लांबला की मागच्या गाड्या विरळ येतात आणि वळणाऱ्यांची रांग सरळ जाणाऱ्यांची लेन अडवते. वाहतूक संशोधक वेबस्टर यांनी १९५८ मध्ये ब्रिटनमध्ये मांडलेलं सूत्र आजही शिकवलं जातं: वाया जाणाऱ्या वेळेच्या दीडपट अधिक ५, भागिले (१ वजा मागणीचं प्रमाण). मागणी क्षमतेच्या ७० टक्के असेल तर ३५ भागिले ०.३, म्हणजे ११७ सेकंद. ६५ टक्के असेल तर १००. ८० टक्क्यांना मात्र १७५ येतात. म्हणून सकाळी नऊ ते अकरा आणि संध्याकाळी सहा ते नऊ फेरा कमी करा असा आग्रह मी धरणार नाही. पण दुपारी दोन वाजता आणि रात्री दहा वाजता तोच १६० चा फेरा चालू असेल तर त्याला काही कारण नाही. कंट्रोलरमध्ये, म्हणजे दिवे चालवणाऱ्या पेटीत, दिवसाच्या वेळेनुसार वेगवेगळे आराखडे भरता येतात. अनेक ठिकाणी एकच भरलेला असतो. ज्येष्ठ मंडळी भाजीला, बँकेत, दवाखान्यात बहुतेक अकरा ते पाच या वेळात जातात, हा मुद्दा अर्जात असू द्या.

इथे एक अडचण येते, ती प्रामाणिकपणे सांगायला हवी. फेरा १०० चा केला तर प्रत्येक बाजूला हिरवा २० सेकंदच मिळतो आणि तुमचे ३२ सेकंद त्यात बसत नाहीत. छोटा फेरा आणि मोठा रस्ता यांचं एका दमात जमत नाही. वाट दोनपैकी एकच: रस्ता दोन टप्प्यांत ओलांडायचा, किंवा रस्ताच अरुंद करायचा. माझ्या मते खरी सुधारणा इथे आहे. सेकंदांवर वाद घालण्यापेक्षा मीटर कमी करणं टिकाऊ असतं, कारण सेकंद कुणीही पेटी उघडून बदलू शकतो.

दोन टप्प्यांसाठी दुभाजकात थांबायची खरी जागा हवी. तुमचा १.२ मीटरचा दुभाजक त्याला अपुरा आहे. बाबागाडी किंवा व्हीलचेअर आणि ती ढकलणारा माणूस मावायला २ मीटर लागतात. ते दोन्ही बाजूंच्या लेनमधून काढता येतात: चौकाच्या तोंडाशी लेन ३.५ ऐवजी ३ मीटरची केली तर तीन लेनमध्ये दीड मीटर सुटतं. बसला ३ मीटर पुरतात, आणि चौकात वेग कमी असतो तेच आपल्याला हवं आहे. मग प्रत्येक टप्पा ९ मीटरचा होतो: ७ अधिक १०, म्हणजे १७ सेकंद. हे २० सेकंदांच्या हिरव्यात बसतं. शिवाय अर्ध्या रस्त्याचे दिवे वेगळे केले की वेळ आणखी मिळतो. दक्षिणेच्या रस्त्याची येणारी अर्धी बाजू, दक्षिण सुटलेली नसते त्या तिन्ही फेजमध्ये मोकळी असते. जाणारी अर्धी बाजू, दक्षिण स्वतः सुटलेली असताना मोकळी असते, फक्त तिथला यू-टर्न बंद हवा.

ही मधली जागा कशी बांधतात यावर सगळं अवलंबून आहे. ती रस्त्याच्या पातळीवर कापलेली हवी, चढउतार नको. तिच्या दोन्ही टोकांना दुभाजकाचा किमान दीड-दोन मीटरचा उंच भाग हवा, म्हणजे वळणारी गाडी चुकली तरी माणसावर येणार नाही. खांब लावायचे तर मधे ९० सेंटिमीटरची मोकळी जागा हवी, नाहीतर व्हीलचेअर अडकते. आणि हो, त्याच फटीतून दुचाकीही जाते. म्हणून वाट सरळ न ठेवता मधे तिरकी किंवा इंग्रजी झेडसारखी वळवतात; दुचाकीवाल्याला ते वळण घेणं जिकिरीचं होतं, चालणाऱ्याला होत नाही. पाणी साचणार नाही असा उतार द्या. काँक्रीटीकरणानंतर रस्ता वर येतो आणि ही जागा खड्ड्यात राहते, पहिल्याच पावसात लोक ती सोडून गाड्यांच्या मधून चालू लागतात.

अरुंद करण्याचा दुसरा मार्ग कोपऱ्यांवर आहे. कडेला पार्किंगची पट्टी असेल तर झेब्र्यापाशी ती तशीही रिकामी हवी. तिथे फुटपाथ दोन मीटर पुढे आणा, दोन्ही बाजूंचे मिळून चार मीटर कमी झाले. कोपऱ्याची गोलाई मोठी असेल आणि झेब्रा त्या गोलाईतच रंगवला असेल, तर ओलांडायचं अंतर विनाकारण चार-सहा मीटर वाढलेलं असतं. झेब्रा थोडा मागे सरकवा किंवा गोलाई सहा मीटरच्या आसपास आणा. गोलाई कमी झाली की डावीकडे वळणारी गाडी आपोआप हळू होते, पोलीस असो वा नसो. बस वळत असेल तर मात्र पीएमपी किंवा बेस्टची बारा मीटरची गाडी तिथून वळते का, हे शंकू ठेवून आधी पाहावं लागतं. फुटपाथवरून उतरायला रॅम्पचा उतार १ ला १२, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या कर्बला १.८ मीटर लांबीचा. यापेक्षा तीव्र रॅम्प व्हीलचेअरला उपयोगाचा नाही आणि पावसात घसरतो.

तुम्हाला कदाचित पादचारी पुलाचा प्रस्ताव दिला जाईल. तो घेऊ नका. रस्त्यावर साडेपाच मीटर मोकळी उंची लागते, वर पुलाची जाडी. म्हणजे साधारण सहा मीटर चढ, १५ सेंटिमीटरच्या ४० पायऱ्या वर आणि ४० खाली. जी व्यक्ती २२ मीटर सपाट रस्त्याला अडते, तिला ८० पायऱ्या हा उपाय नव्हे. लिफ्ट लावली तर ती चालू ठेवायला माणूस, वीज आणि दरवर्षीचा खर्च लागतो. रेल्वेमार्ग किंवा द्रुतगती महामार्ग ओलांडायचा असेल तर पूल हवाच, शहरातल्या चौकात नको.

मोजणी कशी करायची ते सांगतो, कारण तुमच्या अर्जाचं वजन यावर आहे. एखाद्या सोबत्याला घ्या. कामाच्या दिवशी तीन वेळा जा: सकाळी साडेनऊ, दुपारी दोन आणि संध्याकाळी सात. शनिवार-रविवार नको, परीक्षेचा किंवा गणपतीचा आठवडाही नको. प्रत्येक वेळी सलग पाच फेरे मोबाइलवर चित्रित करा, कोन असा की गाड्यांचा दिवा आणि पादचाऱ्यांचा दिवा दोन्ही दिसतील. घरी येऊन लिहा: कुठली बाजू किती सेकंद हिरवी, कोणत्या क्रमाने, कुठला झेब्रा कधी हिरवा, पूर्ण फेरा किती. रस्ता टेपने मोजा. ते पहाटे सोपं जातं. मग वीस ज्येष्ठ व्यक्तींचा ओलांडण्याचा वेळ स्टॉपवॉचने घ्या आणि रस्त्याच्या रुंदीला त्या वेळेने भागा, तुमच्याच चौकातला चालण्याचा वेग हाती येतो. सरासरीवर जाऊ नका. वीस जणांत सर्वांत हळू चालणाऱ्या तिघांपैकी जो त्यातल्या त्यात वेगवान, त्याचा वेग धरा. दिवा लाल झाला तेव्हा किती जण रस्त्यात होते, हा आकडाही फेऱ्यागणिक टिपा. ‘पंधरापैकी बारा फेऱ्यांत दिवा लाल झाला तेव्हा माणसं रस्त्यात होती’ असं वाक्य मिळालं तर त्यापुढे फार बोलावं लागत नाही.

ही मोजणी करताना एक गोष्ट हमखास दिसेल. गर्दीच्या वेळी चौकातला हवालदार सिग्नल हाताने चालवतो, आणि त्यात पादचाऱ्यांचा दिवा सर्वांत आधी गळतो. त्यात त्या माणसाचा दोष नाही. त्याला रांगा दिसतात, फुटपाथवर उभी दहा माणसं रांगेसारखी दिसत नाहीत. पण म्हणजे कागदावर ३२ सेकंद मंजूर होऊनही संध्याकाळी सातला ते मिळणार नाहीत. म्हणून हाताने चालवतानाही पादचारी वेळ वगळू नये, हे वेगळं वाक्य अर्जात घाला.

आता कुणाकडे जायचं. साधारण वाटणी अशी असते की सिग्नलच्या वेळा वाहतूक पोलीस ठरवतात. दिवे, पेटी आणि वायरिंग पालिकेच्या विद्युत विभागाकडे. झेब्रा, दुभाजक, फुटपाथ रस्ते विभागाकडे, पुण्यात त्याला पथ विभाग म्हणतात. मुंबईत वाटणी थोडी निराळी आहे, पण वेळा आणि बांधकाम वेगळ्या हातात असणं तेच. म्हणून दोघांचंही म्हणणं अर्धं खरं असतं आणि तुम्ही मधे फिरत राहता. उपाय एकच: एकच पत्र, दोघांनाही, आणि त्यात दोन वेगळे भाग. पहिला भाग वाहतूक शाखेच्या पोलीस उपायुक्तांसाठी: झेब्रा योग्य फेजला जोडणे, ७ अधिक २५ सेकंद, चार सेकंद आधी सोडणे, दुपारचा आणि रात्रीचा वेगळा आराखडा. दुसरा भाग पालिकेसाठी: थांबायची जागा, कोपरे, रॅम्प, स्टॉप लाइन (गाड्यांनी थांबायची रेघ). शेवटी संयुक्त स्थळ पाहणीची मागणी, तुमच्या सोयीच्या तीन तारखांसह. पहिल्या भागाला जवळजवळ खर्च नाही, त्यामुळे तो आधी आणि वेगळा मागा. दुसऱ्याला अंदाजपत्रकाची वाट पाहावी लागते. पुण्यात असाल तर नागरिकांनी सुचवलेल्या कामांसाठी अंदाजपत्रकात सोय आहे, क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देता येतो.

सिग्नलचा मंजूर आराखडा माहिती अधिकारात मागा. तो मिळाला की प्रत्यक्षात चालू असलेला आणि कागदावरचा यांतला फरक दाखवता येतो. आधार म्हणून तीन गोष्टी पुरेत. केंद्र सरकारच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या वर्षी रस्त्यांवर गेलेल्या १,६८,४९१ जणांत ३२,८२५ पादचारी होते, म्हणजे जवळजवळ पाचातला एक. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वापरण्याजोगा फुटपाथ मिळण्याचा हक्क घटनेच्या २१व्या कलमाचा भाग मानला. आणि मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९८अ रस्त्याच्या रचनेत व देखभालीत सुरक्षेचे निकष न पाळणाऱ्या यंत्रणेला जबाबदार धरतं. शेवटचा मुद्दा धमकीसारखा लिहू नका, एका ओळीत सौम्यपणे नोंदवा.

पत्राला ‘कोंडी होईल’ असं उत्तर पुन्हा आलं तर पंधरा दिवसांची चाचणी मागा. दुपारी अकरा ते पाच, फक्त तुमच्याच झेब्र्यापुरती. मधल्या जागेसाठी आणि कोपऱ्यांसाठी शंकू, बॅरिकेड आणि रंग पुरतो. चाचणीच्या आधी आणि नंतर प्रत्येक बाजूची रांग किती गाड्यांची होते, हे तुम्हीही मोजा. नाहीतर चाचणीचा निष्कर्ष कुणाच्या तरी आठवणीवर लिहिला जातो.

मंजुरी मिळाल्यावर बिघडणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत. स्टॉप लाइन झेब्र्याला चिकटून रंगवली की दुचाक्या झेब्र्यावरच उभ्या राहतात. ती किमान दोन मीटर मागे हवी. झेब्रा दुभाजकाच्या जाळीवर जाऊन संपतो, कारण रंगवणारा आणि जाळी लावणारा कंत्राटदार वेगळा. थर्मोप्लास्टिक पट्टे ओल्या रस्त्यावर टाकले तर दोन महिन्यांत सुटतात, म्हणून ते दसरा-दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत करून घ्या. गाड्यांच्या दिव्यावर उलटे सेकंद दिसत असतील तर शेवटच्या तीन सेकंदांत दुचाक्या सुटतातच. तिथे सगळीकडे लाल असण्याचा वेळ २ ऐवजी ३ सेकंद मागा. पादचाऱ्यांच्या दिव्यावर मात्र उलटे सेकंद जरूर हवेत, त्यावर ज्येष्ठ माणूस निघायचं की पुढच्या फेऱ्याची वाट पाहायची हे ठरवू शकतो. पादचारी दिव्यापुढे झाडाची फांदी किंवा वाढदिवसाचा फ्लेक्स आलेला नाही ना, हे दर महिन्याला पाहा. २०२० मध्ये दादरला काही सिग्नलवर पुरुषाच्या जागी स्त्रीची आकृती आली, त्याचं कौतुक व्हायलाच हवं. ती आकृती फांदीमागून दिसली पाहिजे आणि पुरेसे सेकंद टिकली पाहिजे, एवढीच पुढची पायरी आहे.

सिंगापूरमध्ये २००९ पासून ज्येष्ठांसाठी वेगळी सोय आहे: खांबावर आपलं कार्ड टेकवलं की हिरवा दिवा रस्त्याच्या रुंदीनुसार ३ ते १३ सेकंद जास्त टिकतो. आपल्याकडे कुणी अशी यंत्रणा सुचवली तर तिला विरोध करू नका, पण तुमच्या चौकात आज त्याची वाट पाहायची गरज नाही. मूळ वेळच सगळ्यांना पुरेल एवढा ठेवला तर बटण लागत नाही, आणि आपल्या पावसात बटणं फार टिकत नाहीत.

सगळं झाल्यावर एक तपासणी स्वतः करा. वीज जाऊन आली की काही जुने कंट्रोलर आधीच्या आराखड्यावर परत जातात आणि तुमचे ३२ पुन्हा १५ होतात, कुणाच्या लक्षातही न येता. त्यामुळे वेळ बदलल्यावर पहिल्या आठवड्यात एकदा, आणि त्यानंतर परिसरात मोठी वीज गेली की प्रत्येक वेळी, दुपारी दोनला स्टॉपवॉच घेऊन तीन फेरे मोजा. फरक दिसला तर तारीख, वेळ आणि व्हिडिओसह त्याच पत्राचा क्रमांक टाकून विद्युत विभागाला कळवा, नवा अर्ज करू नका.